बिनसाखरेचे हिमकण

पाचही मुलांना एकाच दिवशी सर्दी झाली, तेव्हा डॉक्टरांना पहिल्यांदा संशय आला.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः होऊन सांगत नसत. कुणी "म्हणजे दातांचे ना?" असं विचारलंच, तर त्यांच्या कपाळावर अशी आठी पडे की विचारणाऱ्याला आपली एखादी दाढ ठणकतेय असं वाटू लागे. डॉक्टरांचं मानवजातीबद्दल मत चांगलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या माणसाला लोकांबद्दल आदर राहणं तसं कठीणच. एखादा कडक इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर लावून, मोठमोठ्या गोष्टी करत समोर बसला, तरी डॉक्टरांना दिसायची ती त्याची डावीकडची किडलेली दाढ. 'दोन वेळा दात घासत नाही आणि मला देशाची परिस्थिती सांगतोय,' असं ते मनात म्हणत. पुष्कळदा मोठ्यानेही म्हणत.

तर झालं होतं असं. डॉक्टरांची मुलगी छोटी बालवर्गात होती. तिथल्या मोठ्या बाई कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि तेव्हापासून त्या शाळेत दर आठवड्याला एक विषय निघू लागला. मागे 'गोल आठवडा' झाला, तेव्हा घरोघरच्या बांगड्या आणि डब्यांची झाकणं शाळेत गेली आणि परत आली नाहीत. आता 'बर्फाचा आठवडा' होता. या गावात बर्फ पडतो तो फक्त फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, पण त्याला कोण काय करणार? सहासहा मुलांचे गट पाडले होते. प्रत्येक गटाने एका दुपारी कुणातरी एकाच्या घरी जमायचं, कागदाचे हिमकण कापायचे, हिमकणांचा खाऊ करायचा आणि खायचा. 'अगदी सोपं, मुलांनाही जमेल असं' हे शब्द बाईंच्या निरोपात तीनदा आले होते. या गटासाठी घर आलं ते डॉक्टरांचं.

आणि पाचही घरांतून निरोप आले की मुलाला सर्दी आहे.

"एकाच दिवशी पाच सर्द्या?" डॉक्टर जेवताना म्हणाले. "साथ आली म्हणायची. फक्त याच गटात कशी आली, हा शास्त्रापुढे प्रश्नच आहे."

"सर्दी नाहीये त्यांना," मुलगी भाताशी खेळत म्हणाली. "ते तुला घाबरतात."

"मला? मी काय वाघ आहे?"

"वाघाला नाही घाबरत ते."

बायकोने पाणी प्यायचं निमित्त करून तोंड फिरवलं. डॉक्टरांनी ते पाहिलं. मुलगी मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "आपल्याकडे कुणीच येत नाही. कधीच नाही. चावऱ्याची आई त्याला म्हणते, दूध पी, नाहीतर दातवाल्या डॉक्टरांकडे नेईन."

हा चावरा म्हणजे वर्गातला एक मुलगा. त्याने डॉक्टरांच्या खुर्चीत बसून त्यांचं बोट असं काही चावलं होतं की त्या आठवड्यातल्या बाकीच्या पेशंटांना डॉक्टरांनी नऊ बोटांवर निभावलं. त्याची आई दूध पाजायला आपलं नाव वापरते, आणि तेही फुकट, हे ऐकून डॉक्टरांचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं आपण या गावाच्या तोंडाची राखण करतोय, आणि गावाने आपला बागुलबुवा करून ठेवलाय! पण त्याहून वाईट म्हणजे मुलीने बोलता बोलता पान पुढे सारलं आणि न सांगता उठून हात धुवायला गेली. एरवी तिला हात धुवायला लावायचं तर घर डोक्यावर घ्यावं लागे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मोठ्या बाईंसमोर जाऊन बसले. खुर्ची बालवर्गाचीच होती, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. अशा आसनात माणसाला रुबाबात बोलता येत नाही, हे मोठ्या बाईंना पुरतं ठाऊक असावं, कारण त्या स्वतः चांगल्या हातांच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"उपक्रम आमच्याच घरी होईल," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही पालकांना सांगा."

"सांगते ना. पण डॉक्टर, काही गोष्टी पाळाव्या लागतील. कात्री बोथट हवी. खाऊमध्ये शेंगदाणे, बदाम वगैरे नको. साखर कमी."

"साखर नसेलच," डॉक्टर तुच्छतेने म्हणाले. साखर कमी असावी हे दुसऱ्या कुणी आपल्याला सांगावं, याचा त्यांना राग आला.

"आणि ती दारावरची पाटी झाकता येईल का? तो मोठा दात आहे ना, त्याला मुलं फार बिचकतात."

तो दात त्यांनी खास करवून घेतला होता. रात्री आत दिवा लागायचा.

"मुलांना मागच्या दारानं न्या. दवाखान्यातून नको. आणि..." मोठ्या बाईंनी टेबलावरचा खडू उगाचच सरळ केला, "तुम्ही घरी नसलात तर फारच उत्तम."

"माझ्या घरी मी नसावं?"

"किंवा असा. पण डॉक्टर म्हणून नको. नुसते बाबा म्हणून असा. पांढरा कोट नको, मास्क नको. काहीतरी फुलाफुलांचं घाला."

डॉक्टरांना उठून निघून जायचं होतं. पण त्या खुर्चीतून उठायला आधी पुढे झुकून जमिनीवर हात टेकावे लागत होते, आणि तसं करताना माणूस अपमान झाल्यासारखा दिसण्याऐवजी काहीतरी हरवल्यासारखा दिसतो. मोठ्या बाईंनी विचारलंही, "काही पडलं का?"

घरी आल्यावर बायकोने सोपा मार्ग सुचवला. ती एका गोदामात हिशेब सांभाळायची आणि नेमक्या त्या दुपारी तिच्याकडे मालाची मोजदाद होती. "ब्रेडचे काप घ्या, साच्याने चांदण्या पाडा, वर लोणी लावा आणि गाळणीतून चिमूटभर पिठीसाखर भुरभुरवा. दहा मिनिटांचं काम आहे. मुलं खूश."

"पिठीसाखर?" डॉक्टरांनी असा चेहरा केला, जणू तिने उंदरांचं औषध सुचवलं होतं. "दंतवैद्याच्या घरी, पाच-सहा वर्षांच्या मुलांना, पिठीसाखर? आणि चांदण्या? चांदणी म्हणजे हिमकण नव्हे. हिमकणाला सहा टोकं असतात. त्या तुझ्या साच्याला पाच आहेत."

"मुलं मोजणार आहेत का?"

"मी मोजणार आहे."

इथून पुढे जे झालं त्याचा सगळा दोष या वाक्याला द्यायला हरकत नाही. डॉक्टरांनी फोनवर 'सोपे हिमकण' दाखवणारी एक बाई पाहिली. ती सतत हसत होती. तिने कागद दुमडला, पुन्हा दुमडला, तिरका दुमडला, कात्रीने चार चावे घेतले आणि उलगडून म्हणाली, "बघा, किती गोड!" डॉक्टरांनी टोकं मोजली. आठ. निसर्गात असा हिमकण कधीच पडलेला नाही, आणि या बाईला लाखो लोकांनी शाबासकी दिली होती! डॉक्टरांनी ते सगळे लाखो लोक एका वाक्यात निकालात काढले आणि कोनमापक शोधायला माळ्यावर चढले.

खाऊचंही तसंच. गव्हाचं पीठ, मीठ, पाणी आणि नावाला तेल, एवढ्यावर बिस्किटं करायचं त्यांनी ठरवलं. दवाखान्यातल्या मेण कापायच्या सुरीने त्यांनी एकेक हिमकण असा कापला की सोनारानेही मान डोलवावी. प्रत्येकाला सहा टोकं, प्रत्येक टोकाला दोन फांद्या, मध्ये बारीक नक्षी. घरातल्या ओव्हनमध्ये भाजल्यावर मात्र ती चपलेच्या तळव्यासारखी मऊ आणि वाकडी निघाली. ओव्हनला डॉक्टरांच्या मते धड तापताच येत नव्हतं. तेव्हा त्यांची नजर दवाखान्यातल्या अवजारं तापवून निर्जंतुक करायच्या यंत्रावर गेली.

त्यांच्या मदतनीस बाई फार वर्षं त्यांच्याकडे होत्या आणि शक्यतो काही बोलत नसत. पण बिस्किटांचा ट्रे आत जाताना पाहून त्यांच्याने राहवलं नाही. "सर, यात आपण चिमटे ठेवतो."

"म्हणूनच. इतकं स्वच्छ बिस्किट आजवर जगात झालेलं नसेल."

स्वच्छ तर झालंच. शिवाय ते असं काही कडक झालं की ट्रेमधून ताटात ओतताना फरशीचे तुकडे ओतल्यासारखा आवाज आला. डॉक्टरांनी एक उचललं, उजेडात धरलं आणि समाधानाने म्हणाले, "दातांना व्यायाम हवाच. हल्लीच्या पोरांना सगळं मऊ मऊ लागतं."

आवाज ऐकून शेजारचे टाइल्सवाले खरोखरच डोकावले. आपल्या दुकानातलाच माल फुटला की काय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं दुकान दवाखान्याला लागून होतं आणि गिऱ्हाईक नसलं की ते सल्ला देत. गिऱ्हाईक सहसा नसे.

"बर्फाचा कार्यक्रम आणि बर्फच नाही?" ते म्हणाले. "डॉक्टर, कागद कापून का पोरं रमतात? खरा बर्फ आणा. बर्फाच्या कारखान्यातला माणूस माझ्या ओळखीचा आहे. एक लहानसा तुकडा मागवतो. तुम्ही काळजीच करू नका."

डॉक्टरांना टाइल्सवाल्यांबद्दल काडीचाही आदर नव्हता. त्यांच्या पुढच्या दोन दातांतल्या फटीबद्दल तर त्यांना व्यक्तिशः राग होता. पण सकाळपासून पिठात हात घालून माणूस थकलेला असतो. ते "बघा तुम्ही" म्हणाले. 'बघा तुम्ही'चा अर्थ 'नको' असा होतो, हे टाइल्सवाल्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ठरलेल्या दुपारी दवाखाना बंद होता आणि दारावरच्या दातावर पांढरी चादर टाकली होती. डॉक्टर मेव्हण्याने समुद्रावरून आणलेला शर्ट घालून बसले होते. त्यावर नारळाची झाडं होती आणि पोटाच्या घडीत एक होडी बुडत होती. तेवढ्यात गाल सुजलेले एक म्हातारे गृहस्थ दारात आले. त्यांनी चादरीकडे पाहिलं, चपला काढल्या, आत येऊन बाकावर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"डॉक्टर फार कडक होते हो. पण हात हलका होता."

डॉक्टरांनी आपण जिवंत आहोत हे त्यांना पटवलं. पटायला जरा वेळ लागला, कारण शर्टामुळे ते गृहस्थ त्यांना डॉक्टरांचा गावाकडचा भाऊ समजत होते. शेवटी डॉक्टरांनी त्यांना आ करायला लावून दाढेवर टिचकी मारली, तेव्हा त्यांनी ओळखलं. दोन गोळ्या घेऊन ते गेले, पण जाताना चादरीला हात जोडून गेले.

मागच्या गल्लीत मुलं जमली. धुण्याचा दगड, गॅसचं रिकामं सिलिंडर आणि शेजारच्यांचा उलटा वाळत घातलेला कोट यांच्यामधून मदतनीस बाई त्यांना एकेक करून आत घेत होत्या. सगळ्यांत पुढे चावरा. मागे जुळ्या बहिणी. त्यांच्यातली एक बोलायची आणि दुसरी तेच पुन्हा बोलायची. मग प्रत्येक वाक्यावर 'का?' विचारणारी एक चष्मेवाली. आणि शेवटी एक गप्प मुलगा, त्याच्या आईनेही त्याचा आवाज फारसा ऐकला नसावा. छोटी दारात उभी राहून प्रत्येकाला "ये" म्हणत होती. यजमानपणाच्या गांभीर्याने तिने दोन्ही वेण्या पुढे घेतल्या होत्या.

आणि नवल म्हणजे डॉक्टरांना कुणीच ओळखलं नाही! या मुलांनी त्यांना पाहिलं होतं ते नेहमी खालून, मास्कच्या वरचे दोन डोळे म्हणून. नाक, मिशी आणि नारळाची झाडं असलेला हा माणूस त्यांना नवा होता.

"हे काका कोण?" चावऱ्याने विचारलं.

"माझे बाबा," छोटी पटकन म्हणाली.

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर बाहेर गेलेत," असं डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. लायसन्स घेऊन व्यवसाय करणाऱ्या माणसाला आपल्याच घरात असं सांगावं लागतं, याहून जास्त मानहानी ती काय असणार! पण छोटीने त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की त्यांनी ते गिळलं.

कागदकाम सुरू झालं. डॉक्टरांनी आधी कोन म्हणजे काय ते समजावलं.

"सरळ कोनाचे तीन सारखे भाग करायचे. साठ, साठ आणि साठ."

"का?" चष्मेवालीने विचारलं.

"कारण हिमकणाला सहा टोकं असतात."

"का?"

डॉक्टरांनी पाण्याच्या कणांची रचना सांगायला घेतली. ती सांगून होईपर्यंत जुळ्यांनी एकमेकींच्या फ्रॉकला डिंक लावला होता आणि एक उठली की दुसरीलाही उठावं लागत होतं. सहा टोकांसाठी कागद इतका दुमडावा लागे की बोथट कात्री त्यात शिरेचना. चावऱ्याने कात्री फेकून कागद दातांनी फाडला. उलगडल्यावर त्याला चार टोकं निघाली, त्यातलं एक ओलं. गप्प मुलाने सरळ एक गोल कापला आणि तो डॉक्टरांच्या गुडघ्यावर ठेवला.

"हे काय? हा हिमकण आहे? याला टोकं कुठेत?"

मुलाने कागद परत घेतला आणि मुठीत चुरगळला.

"बाबा," छोटी हळूच म्हणाली, "तू हसू नको ना असा."

"मी हसलो नाही."

"नाकाने हसलास."

डॉक्टरांनी नाक पुसलं आणि विषय बदलायचा म्हणून खाऊ आणायला आत गेले. आणि तिथे सवयीने घात केला. खाद्यपदार्थ उघड्या हातांनी, उघड्या तोंडाने वाढायचे ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. त्यांनी हातमोजे चढवले, मास्क बांधला आणि चकचकीत स्टीलच्या ट्रेमध्ये बिस्किटं मांडून, ती उचलायला एक चिमटा घेऊन ते दारात उभे राहिले.

एक क्षण कुणीच हललं नाही. मग चावरा किंचाळला, "तो हाच आहे!"

पुढचं सांगायला नको. जुळ्या दोन वेगवेगळ्या दिशांना पळाल्या आणि डिंकामुळे जागेवरच पडल्या. चष्मेवाली टेबलाखाली गेली आणि तिथून पहिल्यांदाच "का?" न विचारता नुसती रडली. गप्प मुलाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, म्हणजे कुणी उघडायलाच नको. मदतनीस बाई मुलांना उचलायला धावल्या. पण इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी पहिल्या मुलाची हनुवटीच धरली, आणि मग तर कल्लोळ झाला. या सगळ्याच्या मध्ये छोटी उभी होती. ती रडत नव्हती. तिने फक्त पुढे घेतलेल्या वेण्या मागे टाकल्या. डॉक्टरांना ट्रे कुठे ठेवावा कळेना.

त्याच वेळी मागच्या दारातून टाइल्सवाल्यांचा आवाज आला, "धरा, धरा, घसरतोय!"

हातगाडीवरून बर्फ आला होता. टाइल्सवाल्यांचा 'लहानसा तुकडा' म्हणजे आख्खी लादी होती, माणूस आडवा झोपेल एवढी. गाडीवाला आणि टाइल्सवाले ती गोणपाटात धरून आत आणत होते. दाराशी पाय सटकला, आणि लादी त्यांच्या हातून सुटून स्वयंपाकघरातून थेट बसायच्या खोलीच्या मधोमध येऊन थांबली. टाइल्सवाले म्हणाले, "बघा, फरशी आमच्याकडची. काय गुळगुळीत आहे!"

रडणं बंद झालं. मुलांनी एवढा बर्फ कधी पाहिला नव्हता. चावऱ्याने आधी बोट लावलं, मग गाल लावला, मग जीभ लावायला गेला तर मदतनीस बाईंनी त्याला वेळेवर मागे ओढलं. डॉक्टरांनी ती संधी साधून मास्क उतरवला, ट्रे लादीवर ठेवला आणि शक्य तितक्या बाबासारखं म्हणाले, "घ्या खाऊ."

मुलांनी बिस्किटं घेतली. चष्मेवालीने हुंगलं. जुळ्यांपैकी एकीने चाटलं आणि म्हणाली, "भिंत." दुसरी म्हणाली, "भिंत." चावऱ्याने, ज्याने डॉक्टरांचं बोट सोडलं नव्हतं, त्याने एकदा दात लावून पाहिला आणि बिस्किट खाली ठेवलं. ते लादीवरून सर्रकन घसरत पलीकडे गेलं. मग काय! दोन्ही बाजूंना मुलं उभी राहिली आणि हिमकण इकडून तिकडे सुसाट सुटू लागले. एकमेकांवर आपटत, भिंतीवर आदळत, फरशीवर पडत. एकाचाही साधा टवका उडाला नाही. छोटी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. टाइल्सवाले मांडी घालून खेळायला बसले होते आणि रडीचा डाव खेळत होते.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने देवाचे आभार मानून गप्प बसायचं होतं. पण डॉक्टर आपल्या सहा टोकांकडे बघत होते. मेणाच्या सुरीने कापलेलं, पुन्हा भाजलेलं ते काम ही पोरं भिंतीवर मारत होती. निदान एकाने तरी खायला हवं की नको?

"खेळायचं नाहीये ते! खायचं आहे!" ते ओरडले.

"खाता येत नाही," चावरा म्हणाला.

"येत नाही? दात आहेत ना? दात आहेत तर वापरायला नकोत? चांगल्या दातांना काहीही अशक्य नाही. हे बघा!"

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी एक हिमकण उचलून समोरच्या दातांनी कचकन चावला.

आवाज खोलीभर झाला. तो बिस्किटाचा नव्हता.

डॉक्टरांनी हातात बघितलं. बिस्किट जसंच्या तसं, सहाच्या सहा टोकांनिशी शाबूत होतं. शेजारी एक छोटासा पांढरा तुकडा पडला होता. पेशंटच्या तोंडातला असा तुकडा ते एरवी डोळे मिटून ओळखत. वरचा, पुढचा, डावा. अर्ध्याहून जास्त.

"आई गं!" डॉक्टर म्हणाले. हवा आत गेल्याबरोबर अशी कळ आली की ते मटकन लादीवरच बसले, आणि बर्फाने नारळाची झाडं भिजू लागली.

मुलं हळूहळू जवळ आली. चावऱ्याने वाकून त्यांच्या तोंडात पाहिलं.

"पडला," त्याने बाकीच्यांना सांगितलं.

"पडला," एक जुळी म्हणाली.

"पडला," दुसरी म्हणाली.

"माझे दोन पडलेत," चावरा म्हणाला आणि ओठ वर करून त्याने डॉक्टरांना आपली खिडकी दाखवली. मग प्रत्येकाने आपापला हलणारा दात बोटाने हलवून दाखवला. चष्मेवालीने डॉक्टरांना विचारलं, "रक्त आलं का? माझं आलं होतं." गप्प मुलाने तोंडावरचे हात काढले आणि त्या दुपारचं त्याचं पहिलं वाक्य बोलला, "जीभ लावू नका. मग मजा वाटते, पण लावायची नाही."

डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं, पण प्रत्येक शब्दाला शिट्टी वाजत होती.

मदतनीस बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "सर, चौकातल्या डॉक्टरांना फोन लावू?"

चौकातला डॉक्टर म्हणजे गावातला दुसरा दंतवैद्य. त्याच्या दवाखान्यात माशांची काचपेटी होती, छताला फुगे होते आणि जाताना पेशंटला चित्र चिकटवून मिळे. त्याला दात काढता येतात की नाही याबद्दल डॉक्टर चारचौघांत शंका व्यक्त करत. त्याच्या पायरीवर पाय ठेवण्यापेक्षा जन्मभर कळ सोसेन, असं ते म्हणायला गेले. पण 'सोसेन' म्हणताना जी हवा आत गेली, तिने त्यांचं मत तिथल्या तिथे बदललं.

मुलांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवून छोटी आणि डॉक्टर चौकात गेले. शर्ट बदलायचं राहूनच गेलं. तो माणूस वागायला चांगला निघाला, हे तर फारच वाईट झालं. त्याने टोमणा मारला नाही, हसला नाही. एवढंच म्हणाला, "या सर, बसा. काय खाल्लंत?"

"बिस्किट," छोटी म्हणाली. "बाबानेच केलं. चिमट्यांच्या यंत्रात."

तो क्षणभर छताच्या फुग्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मोठा आ करा. मुंगी चावल्यासारखं वाटेल हं."

हे वाक्य डॉक्टरांनी स्वतः हजारो वेळा म्हटलं होतं. पण इतकी वर्षं सुईच्या एकाच बाजूला राहिल्यामुळे दुसऱ्या बाजूला मुंगी केवढी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की एकाचं रेक्झिन उसवलं. छोटी बाजूला उभी राहून त्यांना मासे मोजून दाखवत होती. काम संपल्यावर त्या माणसाने आरसा दिला. डॉक्टरांनी दात वरून पाहिला, खालून पाहिला, कडेने पाहिला. रंग जुळला होता. कड जुळली होती. खोट काढण्यासारखं काही म्हणून सापडेना, आणि हेच त्यांना सगळ्यांत झोंबलं. छोटीने मात्र त्यांच्या नारळाच्या झाडावर शूर पेशंटाचं चित्र चिकटवून घेतलं.

सोमवारी ते तिला शाळेत सोडायला गेले, तेव्हा फाटकापाशी पाचही जण उभे होते. सर्दी कुणालाच नव्हती.

"आ करा," चावऱ्याने हुकूम सोडला.

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. फाटकात दहा-बारा आया होत्या, त्यांतल्या निम्म्या त्यांच्या पेशंट. मोठ्या बाई खिडकीत होत्या. डॉक्टरांनी खाली वाकून आ केला. पाच डोकी एकदम आत डोकावली.

"नवीन आला," चावरा निराशेने म्हणाला. "इतक्या लवकर? माझा अजून आला नाही."

"का?" चष्मेवालीने विचारलं.

"मोठ्यांचं तसंच असतं," गप्प मुलगा म्हणाला. ती सगळी छोटीला मध्ये घेऊन आत पळाली.

मग चावऱ्याची आई पुढे आली. तिचे स्वतःचे दात साफ करायचे राहिले होते, त्यामुळे ती जरा तोंडावर पदर धरून बोलत होती. "रविवारी छोटीला आमच्याकडे पाठवाल का? हा हट्ट धरून बसलाय. सगळीच मुलं येणार आहेत. मातीचे हत्ती करायचेत. अगदी सोपं आहे."

डॉक्टरांचं नाक नकळत वर गेलं. "मातीचे हत्ती? हत्तीच्या पुढच्या पायाला नखं किती असतात, याची कुणाला कल्पना तरी आहे का तुमच्याकडे? नाही, मी येऊन एकदा नीट..."

छोटी पाटी विसरली म्हणून परत आली होती. तिने पाटी उचलली, चावऱ्याच्या आईकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तू मला दारापर्यंत सोड. मग तू घरी जा."